शेवरी : पाला घ्या, पण झाड राखा



शेवरी म्हटलं की कुणाला पानमळा आठवतो, कुणाला केळीच्या बागेभोवतीचं कुंपण, तर कुणाला शेळ्यांची वैरण. झाड ओळखीचं आहे, बी सहज मिळतं, उगवतंही लवकर. मग बांधावर लावलेली शेवरी दोन वर्षांतच दिसेनाशी का होते? विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाणी कमी पडलं" किंवा "जमीन मानवली नाही." कधी तेही खरं असतं. पण पुष्कळदा शेवरी मरते ती आपल्या विळ्याने. ती फार खाली कापली जाते, फार लवकर कापली जाते, किंवा अंगावर एकही पान न ठेवता कापली जाते. हे एक जमलं, तर तीन ते पाच वर्षे तीच झाडे पाला देत राहतात. म्हणून या पत्रकात लागवडीइतकाच भर कापणीवर दिला आहे.

ओळख पटवून घ्या

नावांचा घोटाळा आधी दूर करू. काटेसावरीलाही काही भागांत शेवरी म्हणतात. ते कापसाचे, लाल फुलांचे मोठे झाड. ते येथे अभिप्रेत नाही. आपली शेवरी म्हणजे नीळ, ताग, धैंचा यांच्या शेंगवर्गीय घराण्यातली. तिला जैत किंवा जयंती असेही म्हणतात. शास्त्रीय नाव सेस्बानिया सेसबान.

झाड सडपातळ, दोन-अडीच पुरुष उंच वाढते. पाने चिंचेसारखी, एका देठावर बारीक पानांच्या जोड्या. फुले पिवळी, आणि वरच्या मोठ्या पाकळीवर बहुधा जांभळट-तपकिरी ठिपके. शेंगा वीतभर लांब, दाभणासारख्या बारीक, जराशा पिळदार. धैंचा तिची बहीण, पण धैंचा एका हंगामाचा आणि त्याच्या खोडाला बारीक काटे. हादगाही त्याच घरातला, पण त्याची फुले मोठी, पांढरी किंवा लाल, आणि त्यांची आपण भाजी करतो. शेवरीला काटे नाहीत आणि ती एकदा पेरली की काही वर्षे टिकते.

ती देते काय ?

शेवरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. तो नत्र पाल्यात उतरतो. म्हणूनच हा पाला जनावरालाही पोसतो आणि जमिनीलाही.

आकड्यांत सांगायचं तर वाळलेल्या पाल्यात प्रथिने साधारण २० ते २५ टक्के असतात. ज्वारीच्या कडब्यात ती ३ ते ४ टक्केच. चार किलो हिरवा पाला वाळला की सुमारे एक किलो उरतो, आणि त्यात २०० ते २५० ग्रॅम प्रथिने असतात. अर्धा किलो शेंगदाणा पेंडीत जवळपास तेवढीच असतात. जनावराला पेंडीतले प्रथिन अधिक चांगले पचते, त्यामुळे पेंड अगदीच बंद करता येईल असे नाही. पण विकतची पेंड कमी नक्कीच होते.

खताचा हिशेबही असाच. १०० किलो वाळक्या पाल्यात ३ ते ४ किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. म्हणजे सहा-सात क्विंटल वाळका पाला, हिरवा म्हटला तर अडीच-तीन टन, यात एका गोणीचा नत्र आहे. तो सगळाच्या सगळा पहिल्याच पिकाला मिळत नाही, पण पाल्याबरोबर जमिनीत सेंद्रिय माल जातो, तो युरियाच्या गोणीत नसतो.

कुठे लावावी, कुठे लावू नये

शेवरीला ओल आवडते. नदीकाठ, ओढ्याकाठ, पाटाच्या कडा, विहिरीच्या पाण्याचा निचरा जिथे मुरतो ती जागा, भारी काळी जमीन, अशा ठिकाणी ती जोमाने वाढते. काही दिवस बुडाशी पाणी साचले तरी ती तग धरते. पाण्यात बुडालेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. थोडी खारवट, चोपण जमीनही ती सोसते. अशा जमिनीत इतर चारापिके रडतात, तिथे शेवरी करून पाहण्याजोगी आहे.

पण हलक्या, उथळ मुरमाड माळावर, पावसाखेरीज पाणी नसेल तर शेवरीचा आग्रह धरू नका. पाऊसकाळात ती भरभर वाढेल आणि उन्हाळ्यात माना टाकेल. अशा बांधाला गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया बरा. कडक थंडीत जिथे दव गोठते, तिथेही शेवरीला इजा होते.

दुसरी खबरदारी सूत्रकृमीची. मुळांवर गाठी आणणारी सूत्रकृमी शेवरीवर फार लवकर वाढते. टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची यांच्या ज्या रानात हा त्रास आधीच आहे, त्या रानाच्या कडेला शेवरी लावणे म्हणजे घरात उंदीर असताना कणगी उघडी ठेवणे.

बी आणि पेरणी

शेवरीचे बी बारीक असते. एका किलोत पन्नास हजारांहून अधिक दाणे बसतात. १०० मीटर बांधावर दीड फुटावर एक झाड धरले तर सव्वादोनशेच्या आसपास झाडे लागतात. त्यासाठी मूठभर बी पुष्कळ झाले. म्हणून बी शेजाऱ्याच्या चांगल्या झाडावरचे मागून आणा.

ताजे बी लवकर उगवते. जुन्या बियांचे कवच टणक होते, पाणी आत शिरत नाही. त्यासाठी असे करा :

१. पाणी उकळून खाली उतरवा. दोन-तीन मिनिटे थांबा. उकळते पाणी वापरू नका, बी शिजेल.

२. बी फडक्यात सैल बांधून त्या कढत पाण्यात वीस-तीस अंक मोजेपर्यंत धरा आणि लगेच थंड पाण्यात टाका.

३. रात्रभर भिजू द्या. सकाळी जे दाणे फुगले ते पेरायला घ्या. न फुगलेल्यांना पुन्हा तोच उपचार करा.

सगळ्या बियांवर एकदम प्रयोग नको. आधी पन्नास दाणे घेऊन पाहा.

जिथे शेवरी किंवा धैंचा पूर्वी कधी आला नाही, तिथे गाठींचे योग्य जिवाणू जमिनीत नसण्याचा संभव असतो. त्यासाठी निरोगी जुन्या शेवरीच्या बुडाजवळची ओंजळ-दोन ओंजळ माती आणून ओल्या बियांना चोळा आणि सावलीतच ठेवून त्याच दिवशी पेरा. माती आणण्यापूर्वी त्या झाडाची मुळे मात्र तपासा. कशी, ते पुढे सांगितले आहे.

मृगाचा चांगला पाऊस होऊन वाफसा आला की टोकण करा. खोली अर्ध्या इंचाहून जास्त नको. बी बारीक आहे, खोल गेले तर वर येत नाही. एका ठिकाणी दोन-तीन दाणे टाका. वैरणीसाठी सलग लावायची तर दोन तासांत तीन फूट आणि दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवा. बांधावर एकच ओळ पुरे. तासात कुजलेले शेणखत आणि दर दहा फुटांना मूठभर सुपर फॉस्फेट द्या. शेवरीला नत्र विकत द्यावे लागत नाही, पण स्फुरद नसेल तर मुळांवरच्या गाठी नीट भरत नाहीत.

पहिले शंभर दिवस

आठवडाभरात उगवण दिसते. सुरुवातीला रोप नाजूक असते, तण त्याला दाबून टाकते. दोन खुरपण्या वेळेवर करा आणि एका जागी एक जोमदार रोप ठेवा. या काळात शेळी आत शिरली की लागवड संपलीच म्हणून समजा. काटेरी फांद्या लावा, राखण ठेवा, पण शेळीला दूर ठेवा. पावसात लांब उघडीप पडली तर एखादे पाणी द्या.

दीड-दोन महिन्यांनी एखादे रोप मातीसकट उकरा आणि मुळांवरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर गाठ काम करते आहे. आतून पांढुरकी किंवा हिरवट असेल तर नत्र धरला जात नाही.

कापणी : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

आता मुद्द्याला येऊ. आपल्याला सुबाभळीची सवय. सुबाभूळ गुडघ्याखाली तोडली तरी बुडातून फुटते. शेवरीचे तसे नाही. तिच्या खालच्या जुन्या खोडावरून फूट कमी निघते. बुडाशी छाटलेली शेवरी कधी फुटते, कधी नाही, आणि फुटली तरी एक-दोन कापण्यांत सुकून जाते. शिवाय एकदम सगळा पाला गेला की मुळांना अन्न मिळत नाही, नत्राच्या गाठी झडतात, आणि झाडाने नवी पालवी काढायची ती कशाच्या जोरावर? म्हणून चार नियम पाळा.

पहिला नियम : घाई नको. झाड पुरुषभर उंच होऊ द्या. जूनची पेरणी असेल तर पहिली कापणी साधारण ऑक्टोबरच्या सुमारास येते. झाड अशक्त दिसले तर आणखी थांबा.

दुसरा नियम : उंचीवर कापा. जमिनीपासून अडीच ते तीन फूट, म्हणजे कमरेच्या जरा खाली. घरातला जो माणूस वैरण आणतो, त्याच्या मापाने एक काठी तोडून द्या आणि सांगा, या काठीखाली विळा जायचा नाही.

तिसरा नियम : झाड बोडके करू नका. दरवेळी प्रत्येक झाडावर एक-दोन पानाळ फांद्या राखून ठेवा. नवी फूट आली की पुढच्या वेळी त्या जुन्या फांद्या घ्या.

चौथा नियम : ओल पाहून कापा. पाणी असेल तर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापणी करता येते. कोरडवाहूत मात्र पाऊसकाळ आणि त्यानंतरची ओल एवढाच हंगाम. शेवटची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमिनीत ओल असतानाच उरका. तापलेल्या कोरड्या जमिनीत एप्रिलमध्ये कापलेले झाड बहुतेक परत फुटत नाही.

विळा धारदार ठेवा. फांदी ओढून मोडली की साल खाली सोलत जाते आणि तिथून खोड कुजते.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, वैरणीची खरी अडचण तर एप्रिल-मेमध्येच येते. तेव्हा कापायचं नाही, तर लावायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की नोव्हेंबरचा पाला साठवा. फांद्यांच्या सैल जुड्या बांधून सावलीत, खाली ताडपत्री किंवा गोणपाट पसरून वाळवा. वाळताना पाने झपाट्याने गळतात, आणि खरे सत्त्व पानांतच असते. ती गोळा करून पोत्यात भरा आणि कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात कडब्याच्या कुट्टीवर दोन मुठी पाला पडला तरी जनावराच्या अंगावर फरक दिसतो. पाने झडलेल्या फांद्या चुलीला. लाकूड हलके आणि लवकर पेटणारे आहे.

सलग लागवडीत वाळक्या पाल्याचे उत्पन्न वर्षाला हेक्टरी ४ ते १२ टनांच्या दरम्यान येते. फरक एवढा मोठा का, तर जमीन, पाणी आणि कापणी. पहिल्या दोन गोष्टी कमी-जास्त असतील, तिसरी मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.

जनावरांना कसा द्यावा ?

शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी शेवरी आवडीने खातात. तरीही नुसत्या शेवरीवर जनावर ठेवू नये. पहिल्या दिवशी थोडा द्या, आठवडाभरात वाढवत न्या, आणि एकूण वैरणीच्या पाव हिश्शाच्या पुढे जाऊ नका. बाकी कडबा, गवत हवेच. कापलेला पाला अर्धा दिवस सुकवून दिला तर बरा.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. कोंबड्यांच्या, विशेषतः पिलांच्या खाद्यात शेवरीचा पाला किंवा बी मिसळू नका, ते त्यांना घातक ठरते. आणि द्राक्ष, केळी, भाजीपाला यांवर औषध फवारले असेल तर त्या बागेच्या कडेच्या शेवरीवर ते उडालेले असणारच. तो पाला जनावरापुढे टाकू नका.

शेतात आणि बागेत

भातशेतीत चिखलणीच्या आधी हिरवा पाला व कोवळ्या फांद्या खाचरात पसरून गाडाव्यात. पाला कोवळा असल्याने लवकर कुजतो. जाड काटक्या बाजूला काढा, नाही तर लावणी करणाऱ्या बायांच्या पायांना त्या टोचतील. फळझाडांच्या आळ्यात तोच पाला आच्छादन म्हणून पसरला तर ओल टिकते आणि कुजल्यावर खत होते.

मिरज तालुक्यातल्या पानमळ्यांत शेवरी वेलाचा आधार आणि सावली अशी दोन्ही कामे करते. वेल लावण्याआधी तिची पेरणी होते, कारण वेलाला हात धरायला कुणीतरी उभे हवे. जळगावकडे केळीच्या बागेभोवती उन्हाळी वाऱ्याला आडोसा म्हणून ती लावतात. इथे एक लक्षात ठेवा. वारा अडवायला लावलेली ओळ उन्हाळ्याच्या तोंडावर वैरणीसाठी कापली तर आडोसाच जातो आणि पाने फाटतात ती केळीची. वाऱ्याची ओळ वेगळी, वैरणीची ओळ वेगळी ठेवा.

पानवेल आणि केळी या दोन्ही पिकांना सूत्रकृमीचा त्रास होतो. त्यामुळे या बागांत शेवरीची मुळे दरवर्षी पाहणे हा शिरस्ता ठेवा.

चांगली गाठ, वाईट गाठ

नत्राची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते आणि नखाने ढकलली की सुटून येते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेले असते. मुळे जागोजागी सुजलेली, वेडीवाकडी दिसली, झाड वरून पिवळे व खुरटे दिसले, तर ते झाड मुळासकट काढून जाळा. तिथली माती दुसरीकडे नेऊ नका, आणि त्या जागी पुढच्या हंगामात झेंडू घ्या. शेवरीची नवी लागवड दुसऱ्या जागी करा.

खोडात छिद्र आणि बाहेर भुसा दिसला तर आत खोडकिड्याची अळी आहे. तो भाग छाटून जाळावा. मावा किंवा पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्या तर कापणीच थोडी अलीकडे घ्या, पण उंचीचा नियम तेव्हाही मोडू नका. वैरणीच्या झाडावर विषारी औषध मारायचे नाही.

बी धरा, फेरलावण करा

शेवरी काही वडासारखी पिढ्यान्‌पिढ्या उभी राहणारी नव्हे. उत्तम राखली तरी तिसऱ्या वर्षानंतर जोम ओसरू लागतो. म्हणून दरवर्षी दोन-तीन जोमदार झाडे न कापता बियांसाठी सोडा. त्यांच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या आणि भुंगेही येतात. शेंगा तपकिरी झाल्या की सकाळी थंड वेळी तोडा, वाळवून झोडपा, आणि बी राख किंवा कडुनिंबाचा वाळका पाला घालून डब्यात ठेवा, नाही तर भुंगेरे त्याचे पीठ करतील. तिसऱ्या वर्षी शेजारी नवी ओळ पेरलीत, म्हणजे जुनी जाईपर्यंत नवी हाताशी येते. ओढ्याकाठची झाडे मात्र शेंगा धरण्याआधी छाटत जा. बी पाण्याबरोबर वाहून खालच्या रानात शेवरी माजते आणि शेजाऱ्याचे बोलणे खावे लागते.

थोडक्यात लक्षात ठेवा

● ओलीची जागा निवडा, उथळ माळावर हट्ट नको.
● जुन्या बियांना कढत पाण्याचा उपचार, पेरणी अर्धा इंच खोल.
● पहिले शंभर दिवस शेळीपासून राखण.
● पुरुषभर वाढल्यावर पहिली कापणी, तीही अडीच-तीन फुटांवर.
● प्रत्येक झाडावर एक-दोन पानाळ फांद्या कायम.
● वैरणीत पाव हिस्सा, कोंबड्यांना अजिबात नाही.
● दरवर्षी मुळे तपासा, दरवर्षी बी धरा.

शेवरीसाठी वेगळे रान अडकवावे लागत नाही, कर्जही काढावे लागत नाही. मूठभर बी, बांधाची कड आणि मापाची एक काठी एवढेच भांडवल. ती काठी मात्र विळ्याशेजारीच टांगून ठेवा.

तुमच्याकडची शेवरी फुटत नसेल तर पोस्टकार्डावर चार ओळी लिहून आमच्या कार्यक्रमाकडे पाठवा. लिहिताना जमीन कशी आहे, पाणी किती, शेवटची कापणी कोणत्या महिन्यात झाली आणि किती उंचीवर झाली, हे आठवणीने कळवा. एवढे कळले की उत्तर देणे सोपे जाते.